मिटलेली मूठ

यंत्राची तीन मऊ बोटं तुळसाक्काच्या मनगटावर टेकली. ती बोटं एका अर्थी तिचीच होती. वैद्यकी करणाऱ्या आक्काला रोगी तपासताना तारा जोडलेले हातमोजे चढवून दवाखान्याने तिच्या हाताची हरएक हालचाल यंत्राला शिकवली होती.

"आक्का, रक्त, फोटो, सगळं चांगलं आलंय," डॉक्टर केतकी म्हणाली. "नाडी झाली की घरी जायचं."

ज्याची नाडी सुटत चालली असेल, त्याला आक्का तोंडाने कधी सांगत नसे. नुसती त्याची मूठ हळूच मिटवून द्यायची. हे तिने कुणालाच शिकवलं नव्हतं.

यंत्र थबकलं. मग त्याने आक्काची बोटं एकेक करून मायेने मिटवली.

"बघा, किती लाघवी आहे!" केतकी हसली.

"माझ्याच वळणावर गेलंय, बाई," आक्का म्हणाली आणि मूठ तिने पदराखाली घेतली.