उजळणी

खेळातून मुलांची स्मरणशक्ती वाढते, हा बालमानसशास्त्राचा सिद्धान्त निरवांगीच्या कुशाबाईंनी न वाचताच आचरणात आणला होता. ताटात लिंबू, चमचा, बांगडी मांडून त्या वर रुमाल टाकत आणि सहा वर्षांची नात निकिता एकूणएक वस्तू अचूक सांगे. आईवेगळी पोर सावरते आहे, हे पाहून सोनमला बरे वाटले. दिवंगत बहिणीच्या जागी, याच घरात, येत्या रविवारी ती सून म्हणून येणार होती.

ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा ओसरीवर शेवटचा डाव सुरू झाला.

"आई शेततळ्यात कशी पडली?"

"प्लॅस्टिकवरनं पाय घसरला."

"संगं कोण हुतं?"

"बाबा."

"चुकलं. परत सांग."

"कुणी न्हाय. बाबा कारखान्यावर हुतं."

"शाब्बास, माजी हुशार बाय!"

कुशाबाई गोठ्याकडे गेल्यावर सोनम कशीबशी बाहेर आली. "ह्ये रोज खेळता व्हय गं?"

"मग!" निकिता म्हणाली. "पर मावशे, तुज्या टायमाची उत्तरं मला अजून येत न्हाईत. आजी म्हनली, ती लगीन झाल्यावर शिकिवते."