खिडकीखालची हलगी

आमच्या गल्लीची हॉकी टीम जिंकली, की तिची चाहती पोरं माझ्याच खिडकीखाली तासभर हलगी बडवायची. मी एमआयडीसीत रोलिंग मिलला, रातपाळीत. दिवसा डोळ्याला डोळा लागेना, अन् लाल सळईपुढं डुलकी लागली तर हातच जायचा. टीम एकदाची हरावी म्हणून मी प्रत्येक मॅचला जाऊन मनातल्या मनात तिला शिव्या घालू लागलो. तर ती जिंकतच राह्यली!

काल भरदुपारी दार वाजलं. हलगीवाल्या पोरांचा कारभारी हार घेऊन उभा, मागं सगळी टोळी.

 

"भुजंगकाका, तुमचा पायगुण लई भारी! तुम्ही यायला लागल्यापासून आपण हरलोच न्हाई. आता मॅचच्या आधीबी तुमच्याच दारात हलगी वाजवायची, मंगच निघायचं!"