ढिगाखालचं लोखंड
सूनबाई लोखंड हुडकणारं यंत्र खांद्याला अडकवून खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर कुणी गुपचूप पुरलेली विषारी रसायनांची पिंपं शोधत फिरत होती. निवृत्त मुकादम असलेले सासरे वाट दाखवत होते. एका जागी यंत्रावरचे आकडे उसळले. "बाबा, इथे विषाची पिंपं पुरलीत. गळली तर विहिरी नासतील!" "छे गं, काही नाही तिथे. पुढे चल," घाम पुसत मुकादम म्हणाले. सूनबाईने खणायला लावलंच. डबा घेऊन सासूबाई पोचल्या तेव्हा ताडपत्रीतून निघालं होतं शिलाई मशीन, तीस वर्षांपूर्वी घरातून चोरीला गेलेलं. त्यावर सासूबाईंनी शिवलेले पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाचे सदरे घालून मुकादम कामावर जायचे. अख्खी खाण त्यांना 'बगीचा' म्हणायची. सासूबाईंनी खाली बसून चाक फिरवलं. ते गरगर फिरलं. "चोर भला होता हो, ग्रीस फासून गेलाय," त्या म्हणाल्या. "या, ताठ उभे राहा. माप घेते."