अपडेटमधलं भोक

“बाहेरून कुणी आत शिरलं का? नाही ना? मग चोर तूच!” मुरुडच्या एका मच्छीमार सोसायटीचे सचिव विनेशराव टेबलावर हात आपटून म्हणाले.

समोर सोसायटीचा संगणक सांभाळणारी प्राप्ती उभी होती. डिझेलच्या यादीतून सभासद ठमाबाईंच्या होडीचं नाव कुणीतरी उडवलं होतं. डिझेलविना होडी चार दिवस किनाऱ्यावर पडून होती. नाव काढायला सचिवांचा पासवर्ड लागतो, म्हणजे प्राप्तीनं तो चोरला, असा तपास विनेशरावांनी दोन मिनिटांत संपवला. एवढी चपळाई त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली नव्हती.

“साहेब, पासवर्ड लागतच नाही. अपडेट करणाऱ्या प्रोग्राममध्येच भोक आहे. त्याला संगणकाचे सगळे अधिकार आहेत. त्याच्या फोल्डरात कुणीही फाइल ठेवली, तर तो न बघता चालवतो. इथं आपण चौघं बसतो. चौघांपैकी कुणीही मालक होऊ शकतो. मी महिन्यापूर्वी लेखी कळवलंय.”

कळवलं होतं खरं. त्या पत्रावर ‘पाहिले’ असं लिहून विनेशरावांनी झोकदार सहीही केली होती.

“न बघता चालवतो? एवढा बावळट प्रोग्राम असतो का कुठं?” विनेशराव पोट धरून हसले. “तुला कामावरून काढल्याचा आदेश तूच टाइप कर आणि सहीला पाठव.”

प्राप्तीनं कागद टाइप करून सह्यांच्या फाइलीत सगळ्यात वर ठेवला. शिपाई नामाकाकांनी रोजच्यासारखी ती फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली. विनेशराव फोनवर मेव्हण्याला चांगली सुरमई कशी ओळखावी ते समजावत होते. बोलता बोलता त्यांनी सह्या ठोकल्या, शिक्के मारले आणि फाइल सरकवली.

“नामाकाका, वरचा कागद वाचा. मोठ्यानं,” प्राप्ती म्हणाली.

नामाकाकांनी चष्मा लावला. “आजपासून सचिवांचे सर्व अधिकार... शिपाई नामा यांच्याकडे... देण्यात येत आहेत.”

विनेशरावांनी झडप घातली. नामाकाकांनी कागद शांतपणे घडी करून खिशात घातला. बावीस वर्षं त्यांनी या माणसाला चहा आणून दिला होता.

“मग काका, मला काढायचं का?” प्राप्तीनं विचारलं.

“तू ऱ्हा. आदी ठमाबाईचं नाव घाल, मंग ता भोक बुजव,” नामाकाका म्हणाले. “सायबांची सही लागली तं फाइल माज्याकडं दे. ते काय बगत न्हाय.”