बावखलाजवळचा ब्रेक

अप्पा आजोबा गेल्यावर त्यांच्या जुन्या सायकलला मोटर बसवली, तेव्हा गोखिवऱ्याच्या परेश मेकॅनिकने बाबांना बजावलं, “काका, कटऑफवाले ब्रेक घ्या. ब्रेक दाबला की मोटर बंद. नाहीतर तुम्ही थांबवताय आणि ती ढकलतेय!”

“जुने ब्रेक बरे आहेत,” बाबा म्हणाले. “थांबायचं मला, मोटरला कशाला कळवू?”

तेव्हापासून बाबा रोज पालेभाजीची टोपली मागे बांधून शीळ घालत गिरीजहून बाजाराला निघतात. पण वाडीतल्या तळ्याजवळ, आमच्या बावखलाच्या वळणावर, मोटर हटकून बंद पडते.

परेशने सगळ्या वायरी तपासल्या. “कटऑफ असता तर म्हटलं असतं, कोणीतरी ब्रेक दाबतंय.”

“आजोबा असतील,” आई हसली. “भाजीवर पाणी मारायला ते तिथेच थांबायचे.”

आज मी स्कूटरवरून बाबांच्या बाजूने निघाले. वळण आल्यावर ओरडले, “बाबा, ब्रेकवरचे हात काढा! हँडल मधे धरा!”

त्यांनी हसत हसत हात मधे घेतले. पाय पॅडल मारतच होते.

डावा ब्रेक आपोआप दबला. मोटर गप्प झाली. सायकल अलगद थांबली.

बाबांनी पाय टेकला आणि मोठ्याने हसले. “थांबलो हो, अप्पा! आता पाणी मारा भाजीवर!”

मीही खळखळून हसले आणि मागे टोपलीकडे पाहिलं.

ऊन कडकडीत होतं. मेथीच्या जुड्यांवरून पाणी निथळत होतं.