कच्चा जोड

आईची अवजड व्हीलचेअर पेलावी म्हणून लेकीने गाडीचं सस्पेन्शन एका गॅरेजात खास बनवून घेतलं होतं. पंधराव्या दिवशी वळणावर गाडीचं चाक निखळलं. आई थोडक्यात वाचली. चाक धरून ठेवणारा, तुटलेला लोखंडी आर्म पिशवीत घालून ती चांगला कारागीर शोधत फिरली. चौघांनी हात झटकले. पाचव्या वर्कशॉपातल्या म्हाताऱ्याने तिची हकीकत ऐकून जोडावर हातोडी मारताच रंग उडाला. आत नुसती पोकळी. "हे वेल्डिंग नाही, लिंपण आहे! यावर आईला बसवलंत?" तो कडाडला. "गॅरेजवाल्याने हमी दिली होती!" तीही भडकली. म्हाताऱ्याने हातमोजे भिरकावले. "तुमचं काम मी करतो. आधी त्याच्याकडे चला." गॅरेजात शाळेची व्हॅन निघायच्या बेतात होती. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. "इथेही तसलाच लिंपलेला जोड!" मालक हसत पुढे आला. "या ताई!" तिने व्हॅनची किल्ली उपसून मुठीत आवळली. "हिंमत असेल तर घेऊन दाखव!"