ब, बट, बटाटा

"ब… ब… बट… बट… बटा…"

"बंद कर आदी ते!" राजाबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप खाली आपटलं. "पोरीला तोतरी करतीयास व्हय गं?"

"टा!" पाच वर्षांच्या तेजूनं शेवटचा तुकडा जोडला आणि स्वतःच टाळी वाजवली. "बटाटा! आजी, बटाटा!"

राजाबाईंचा पारा बटाट्यानं उतरणारा नव्हता. सुनेनं, म्हणजे ज्ञानेश्वरीनं, निमूटपणे पाटी पुसली आणि तिच्यावर 'मगर' लिहिलं. निमूटपणा आणि हट्ट दोन्ही तिच्या अंगात सारखेच होते.

बालवाडीच्या कामासाठी ती आठ दिवस प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथल्या ताईंनी सांगितलं, 'क कमळाचा' घोकून घेऊ नका. अक्षर दिसलं की आवाज काढायचा, आवाजाला आवाज जोडायचा, की झाला शब्द. मूल अडलं तर शब्द त्याच्या तोंडात द्यायचा नाही. थांबायचं. ज्ञानेश्वरीनं हा प्रयोग आधी घरच्याच पोरीवर केला, आणि महिन्याभरात तेजू रेशनच्या पिशवीपासून कॅलेंडरपर्यंत दिसेल ते फोडून जोडायला लागली. आईला आकाश ठेंगणं झालं होतं. आजीला मात्र धडकी भरली होती.

त्यालाही कारण होतं. राजाबाईंचा मुलगा धनाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन तो हसत चालायचा, पण तीन अक्षरी शब्द काही त्याला उचलवत नव्हता. पहिलंच अक्षर जिभेवर रुतून बसायचं. लहानपणी गावाकडं शेजारच्या तोतऱ्या म्हाताऱ्याची नक्कल करायचा, तेच त्याला लागलं, असं राजाबाईंचं ठाम मत. धनाजीचंही तेच. म्हणून तेजू बोलायला लागली तसं त्यानं तिच्यासमोर तोंडाला कुलूप लावलं. तो तिला खांद्यावर घेऊन अख्खी कोपरखैरण्याची वसाहत फिरवायचा, कुल्फी द्यायचा, वेणीसुद्धा घालायचा. पण 'हं', 'चल' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही. पोरीला आपलं लागू नये, एवढीच त्याची धडपड.

धनाजी मार्केटातून आला, हातपाय धुऊन चहाला टेकला आणि राजाबाईंनी तोफ डागली.

"तुझ्या बायकूला सांग. पोरगी दिसभर क क, ब ब करत बसती. उद्या साळंत पोरं हसतील, तवा कुनाच्या तोंडाकडं बघशील? सांग तिला, शिकवणी बंद!"

धनाजीनं कप खाली ठेवला. पोरं कशी हसतात, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? त्यानं बायकोकडं पाहिलं. सासूशी ती भांडली असती, पण या माणसानं 'बंद' म्हटलं असतं तर तिच्याच्यानं ते मोडवलं नसतं.

"अगं… शि… शि… शिक…"

पाटीपाशी बसलेली तेजू ताडकन उठली. आपण कुणासमोर बोलतोय हे धनाजीच्या तेव्हा लक्षात आलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"आई!" तेजूचे डोळे लकाकले होते. "पप्पा पण वाचतात!"

तेजू बापाच्या पुढ्यात मांडी घालून बसली, हनुवटीला हात लावला आणि बाई झाली.

"शिक… हां, बरोबर. आता पुढं. घाई नाय, पप्पा."

आजवर लोक हसले होते, नाहीतर त्यांनी तोंड फिरवलं होतं. भल्या माणसांनी शब्द पुरा करून दिला होता. अडलेल्या शब्दापाशी त्याच्यासाठी कुणी बसून राहिलं नव्हतं. तेजू बसली होती.

"शिक… शिकव… शिकवणी."

"शिकवणी!" टाळी पडली. "पुढं?"

"ब… ब…"

ज्ञानेश्वरीनं डोळे मिटले. धनाजी पोरीकडं बघत राहिला. मग त्यानं तो शब्द गिळला आणि दुसरा धरला.

"चा… चालू… दे."

"आरं, बंद म्हन म्हनलं हुतं म्या!" राजाबाई ओरडल्या.

धनाजी हसला. चक्क आवाज करून हसला. ज्ञानेश्वरीला एकदम रडू आलं, म्हणून ती कप उचलून मोरीकडं पळाली.

इकडं तेजूला नवा विद्यार्थी मिळाला होता. तिनं आईची प्रशिक्षणाची वही आणून बापाच्या मांडीवर ठेवली आणि वरच्या नावावर बोट टेकवलं. "हे लय अवघडंय. मला पण येत नाय. तुमी वाचा."

धनाजीला ते नाव सात वर्षं ठाऊक होतं. लग्नात बायकांनी नाव घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि सगळ्या म्हणाल्या, नवरा लाजाळू आहे. पुढं 'अगं' वर संसार चालला. शेजारपाजारचे सगळेच नवरे 'अगं' म्हणायचे, त्यामुळं कुणाला ते खटकलं नाही. ज्ञानेश्वरीला मात्र कारण माहीत होतं. तिनं त्याच्या तोंडून आपलं नाव कधी मागितलंच नाही.

"ज्ञ… ज्ञ…"

मोरीतलं पाणी बंद झालं. राजाबाईंनी पुरं करायला तोंड उघडलं. तेजूनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

"ज्ञा… ज्ञाने… ज्ञानेश्… श्व…"

"घाई नाय."

"ज्ञानेश्वरी."

"ओ," मोरीतून आवाज आला.